न लागलेल्या फोनची वही

"मोबाईल मंगळवारी येतो. आज तर गुरुवार," आजोबा म्हणाले.

धडगाव तालुक्यातला एक पाडा. मी त्यांना विचारलं होतं, सुनेला मोबाईलवर आरोग्याची माहिती मिळते का? आजोबांच्या लेखी मोबाईल म्हणजे फिरतं पथक. पांढरी गाडी, आत डॉक्टर, सिस्टर, गोळ्यांचे खोके. गाडीवर 'मोबाईल युनिट' असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातला मोबाईल तेवढा लोकांनी उचलला. माझ्याबरोबरची आशाताई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग तिनं पावरीत, म्हणजे तिथल्या पावरा आदिवासींच्या बोलीत, त्यांना समजावलं, आजोबांनी खिशातून बटणांचा फोन काढून दाखवला आणि विचारलं, ह्याच्यातून गोळ्या कशा येणार?

हा प्रश्न मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवला. टॅबमध्ये त्याला जागा नव्हती.

मी सर्व्हेवाली. अमळनेर तालुक्यातली. एमएसडब्ल्यू केलं, नोकरी लागली नाही, आणि गेली अकरा वर्षं जी एजन्सी बोलावेल तिच्यासाठी दारोदार प्रश्न विचारत फिरते. संडास, पीकविमा, बँकेची खाती, चूल की गॅस, सगळं विचारून झालंय. माझी माय म्हणते, "तू इतलं लोकेसले इचारस, तुले कोनी इचारत नही." खरं आहे. म्हणून हा ब्लॉग.

दोन हिवाळ्यांपूर्वी जे काम आलं ते असं. एका संस्थेचा कार्यक्रम, गरोदर आणि बाळंत बायकांना दर आठवड्याला एक फोन. रेकॉर्ड केलेला आवाज. कितवा महिना आहे ते बघून त्या त्या महिन्याची माहिती. लोहाच्या गोळ्या, धोक्याच्या खुणा, अंगावरचं दूध, लसी. तो कार्यक्रम 'चालतो का' हे शहरातली एक एजन्सी तपासणार होती, आणि नंदुरबार-धुळ्याच्या गावांसाठी मी सुपरवायझर, माझ्या हाताखाली चार पोरी. दोघांचीही नावं लिहीत नाही. पुढच्या कामाचा प्रश्न आहे, आणि तसंही हे त्यांच्यापुरतं नाही.

ही कल्पना नवीन नाही. सरकारचा 'किलकारी' हाच प्रकार आहे. बिहारमध्ये सुरू झाला, २०१६ च्या जानेवारीत केंद्रानं घेतला, मग एकेक राज्य करत २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात आला. चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत ७२ फोन. वेगळी नोंदणी नाही. सिस्टरच्या आरसीएच नोंदीत, म्हणजे माता-बाल आरोग्याच्या सरकारी नोंदीत, बाईचा जो नंबर असतो त्यावर आपोआप फोन जातो. मुंबईत 'आरमान' संस्थेचं 'एममित्र' तर २०१६ च्याही आधी सुरू झालं. हे सगळं कागदावर इतकं सोपं आणि स्वस्त दिसतं की कोणालाही वाटावं, अरे, हे आधी का नाही सुचलं? एक बाई एकदा बोलली, ते लाखो बायकांनी ऐकलं. ना पगार, ना एसटीचं भाडं, ना घाट.

घाटावरून आठवलं. शहाद्याहून धडगावला जाताना घाट लागला की फोनची रेंज जाते. मग पाड्यापाड्यावर लोकांच्या रेंजच्या जागा ठरलेल्या. एका ठिकाणी महूच्या झाडाखाली, एका ठिकाणी शाळेच्या मागच्या खडकावर. संध्याकाळी पोरं तिथं जमतात. बाळंतीण जात नाही.

मुद्द्यावर येते.

काम सुरू करताना मला एक यादी मिळाली. नाव, पाडा, महिना, मोबाईल नंबर. माझी जुनी सवय, गावात जायच्या आधी एकेका नंबरवर फोन लावून बघायचा. त्यासाठी मी अमळनेरच्या बाजारातून एक रेघांची वही घेतली आणि न लागलेल्या प्रत्येक फोनपुढे कारण लिहायला लागले. एजन्सीनं सांगितलं नव्हतं. टॅबमध्ये एकच पर्याय होता, 'संपर्क होऊ शकला नाही'. तो दाबला की टॅब पुढचं नाव देतो. त्याला रिप्लेसमेंट म्हणतात. म्हणजे जी सापडली नाही तिच्या जागी जी सापडते ती. संख्या पुरी भरते.

वहीतली पहिलीच पानं बघा.

एका उपकेंद्राच्या यादीत नऊ बायकांपुढे एकच नंबर. लावला, तर आशाताईचा. ती पन्नाशीची. म्हणाली, "ताई, बाईकडे फोन नाही, सिस्टरला दहा आकडे पाहिजेत, रकाना रिकामा ठेवला तर नोंद पुढेच जात नाही. मग मी माझा दिला. माझी पाळी जाऊन तीन वर्षं झाली, आणि आठवड्यातून नऊ वेळा मला सांगतात की पोटात बाळ हालचाल करतंय का लक्ष ठेवा."

मी विचारलं, मग तू ते त्या नऊजणींना सांगतेस का?

"सांगते ना. आधीपासून सांगतेच. फोन नव्हता तेव्हाही सांगत होते."

आता हे कोणत्या रकान्यात टाकायचं? संगणकाच्या हिशेबी नऊ फोन गेले, नऊ लागले, नऊ उचलले, आणि ती भाकरी थापत असते म्हणून स्पीकरवर पुरते वाजले. शंभर नंबरी काम. बायकांनी एकही ऐकला नाही. पण बायकांना निरोप पोचला, कारण आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातेच, ते तिचं कामच आहे. म्हणजे कार्यक्रम चालला का? मी कपाळाला हात लावून बसले.

दुसरं पान. शिरपूरच्या बाजूला सूतगिरणीत जाणारा एक पोरगा. नंबर यादीत धडगावकडच्या एका बाईच्या नावापुढे. त्यानं दिवाळीत नवं सिम घेतलं होतं. रिचार्ज केलं नाही की काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात, मग नंबर जातो, आणि कंपनी काही महिन्यांनी तोच दुसऱ्याला विकते. बाईचा गेलेला नंबर ह्याच्या वाट्याला आलेला. मी सगळी हकीकत सांगितली तर तो लाजला. म्हणाला, दर बुधवारी जेवणाच्या सुटीत येतो, मी पूर्ण ऐकतो, त्या बाई चांगलं बोलतात. मी म्हटलं, अरे, बंद करायचा ना. तर म्हणतो, "मागच्या बुधवारी सांगितलं की बाळ आता मान धरायला लागलं असेल. ताई, ते बाळ बरं आहे ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाळ कुठं आहे तेच मी शोधत होते.

नंतर कळलं की त्या कार्यक्रमाच्या तक्त्यात हा नंबर 'नियमित श्रोता' म्हणून हिरव्या रंगात होता.

तिसरं पान साक्रीकडचं, आपल्या अहिराणी गावातलं. इथं रेंज आहे, फोन आहे, बाई घरी आहे. मला वाटलं, चला, इथं तरी फॉर्म धड भरेल.

"फोन कोना शे?"

"धनीना."

धनी धुळ्याला कामाला. सकाळी सातला फोन खिशात घालून जातो, रात्री आठला येतो. फोन येतो अकराला. कधीमधी तो घरी असला तर स्पीकर लावून देतो. मी विचारलं, काय सांगते ती फोनमधली बाई? तिनं बऱ्यापैकी सांगितलं, गोळ्या, दूध, वजन. मग तवा उतरवता उतरवता म्हणाली, "मी तिन्हं आयकस, पन ती मन्हं आयकत नही."

तिला विचारायचं होतं की लोहाच्या गोळीनं मळमळतं, संडासला काळं होतं, तर घेऊ की थांबवू. फोनमधली बाई गोळी घ्या इतकंच सांगून जाते. हिनं गोळ्या पिठाच्या डब्यामागे ठेवून दिल्या होत्या. पत्र्याची पट्टी, एकही गोळी फोडलेली नाही. आता माझ्या टॅबमध्ये प्रश्न असा: 'गोळ्यांबद्दल संदेश ऐकला का?' हो. 'गोळ्या कशासाठी असतात माहीत आहे का?' हो. दोन्ही हिरवे.

अशा कार्यक्रमात काय काय मोजायला हवं, हे मी त्या रात्री साक्रीच्या लॉजवर बसून माझ्यापुरतं मांडलं. फोन सुटला. लागला. कोणीतरी उचलला. जिच्यासाठी होता तिनंच उचलला. पुरता ऐकला. कळला. पटला. आणि घरानं करू दिलं. आठ उंबरठे आहेत हे. संगणकाला पहिले तीन दिसतात, आणि पाचव्याचं अर्धं, म्हणजे फोन किती सेकंद चालू राहिला ते. चौथा उंबरठा संगणकाला दिसतच नाही, आणि आमच्याकडे निम्मा कार्यक्रम तिथंच अडकून पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी सांगते की देशात स्वतः वापरते असा मोबाईल असलेल्या बायका ५४ टक्के. हे सगळ्या देशाचं, शहरं धरून. पावरा पाड्यावरचं काय असेल ते तुम्हीच मनात आणा.

भाषेचं तर बोलायलाच नको. संदेश मराठीत. आणि मराठी कोणती, तर पुण्याच्या बातम्यांतली. 'स्तनपान', 'पूरक आहार', 'प्रसूतिपश्चात'. आमच्या साक्रीच्या बाईला अर्धं कळतं. पावरी किंवा भिली बोलणारीला ते रेडिओवरच्या शेतकी भावांसारखं वाटतं. चालू आहे, चालू दे. एका सुनेला मी विचारलं तर ती म्हणाली (आशाताईनं मराठी करून सांगितलं), फोनवर कोणीतरी शहरातली बाई रागावते.

आता कोणी म्हणेल, ही सर्व्हेवाली नुसती रडते. मोठे अभ्यास काय म्हणतात? मी तेही वाचलंय. धुळ्याच्या एका प्राध्यापकबाईंनी दिले, इंग्रजी आहे, डिक्शनरी घेऊन वाचलं.

किलकारीची खरी कसून तपासणी मध्य प्रदेशात झाली. चार जिल्हे, ५०९५ गरोदर बायका, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, निम्म्यांना फोन, निम्म्यांना नाही, आणि मूल वर्षाचं झाल्यावर दोन्ही गटांना विचारलं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, ह्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पाळणा लांबवायच्या साधनांत मात्र फोनवाल्या गटाचा वापर थोडा जास्त निघाला. मला हे वाचून बरं वाटलं. एक तर कोणीतरी प्रामाणिकपणे 'फरक नाही' असं छापलं. दुसरं, निकाल पटण्यासारखा आहे. दूध पाजण्याच्या गोष्टीत सासू, दाई, शेजारीण असं सगळं गाव बोलत असतं, तिथं फोन एकटा काय करणार? पाळणा लांबवायचं मात्र कोणी उघड बोलत नाही, आणि फोन नवऱ्याच्याच हातात असतो. तो ऐकतो. हा माझा अंदाज, त्यांचा नाही.

पण त्या चाचणीत कोण होत्या? ज्यांच्या घरी फोन होता त्या. चाचणीपुरतं ते बरोबरच आहे, फोनचा परिणाम बघायचा तर फोन पाहिजे. फक्त तो निकाल उचलून आमच्या डोंगरातल्या मोलगीला लावता येत नाही.

दुसरा अभ्यास आपल्या शेजारचाच. नंदुरबारला लागून गुजरातचा नर्मदा जिल्हा, पलीकडे भरूच. तिथल्या आदिवासी भागात झगडियाच्या सेवा रूरल संस्थेनं फोन बाईच्या हातात न देता आशाच्या हातात दिला. 'इमटेको' नाव. आज कोणाकडे जायचं, काय तपासायचं, कोणतं मूल जोखमीचं, हे फोन आशाला सांगणार, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला ते दिसणार. २२ प्राथमिक आरोग्य केंद्रं घेऊन निम्म्यांत लावून बघितलं. घरभेटी आणि काही सेवा वाढल्या. जादू झाली नाही, वाढल्या. मला वाटतं डोंगरात हीच वाट बरी. माझी पन्नाशीची आशाताई तसं आपल्या अकलेनं करतच होती, कार्यक्रमाला न विचारता.

ह्यातही एक मेख आहेच. फोन कामगाराच्या हातात दिला की तो मदतीला दिला की पाळतीला, हे महिन्याभरात कळतं. आमच्या अंगणवाडी सेविकांना विचारा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर त्यांनी सरकारी मोबाईल परत केले. हँग होणारे फोन, जेमतेम मेमरी, आणि पोषण ट्रॅकर नावाचा ॲप, तो मराठीत भरायची सोय नव्हती. आमच्याकडची एक सेविका मला म्हणाली होती, मूल तोलायला पाच मिनिटं, भरायला अर्धा तास. आता तर शिधा देताना चेहऱ्याचा फोटो. डोंगरावर, रेंज नसताना. नंदुरबार जिल्ह्यातच नर्मदेच्या फुगवट्याच्या पाण्यातून चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका २०२० च्या करोनात स्वतः नाव वल्हवत गरोदर बायका आणि लेकरांपर्यंत जात होत्या. पेपरात फोटो आले, सगळ्यांनी वाहवा केली. वल्हं मारायला कोणताही ॲप लागला नव्हता, एवढं सांगून पुढं जाते.

प्रश्न विचारण्याची एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ह्या धंद्यात मी शिकले असेन तर हेच.

शिंदखेड्याकडचं एक घर. बाळ चार महिन्यांचं. टॅबमधला प्रश्न: बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यावं, हे माहीत आहे का? बाई लगेच, हो. देता का? हो. सासूही आतून, "फक्त मायनं दूध!" असं खणखणीत. पाठ झालेलं. फोननं म्हणा, आशानं म्हणा, कोणीतरी पाठ करून घेतलेलं, आणि परीक्षेला बसल्यासारखी दोघी माझ्याकडे बघतायत. माझी पोरगी बोट टेकवणार, इतक्यात मला ओट्यावर सहाण दिसली. शेजारी हळकुंड, वेखंड, जायफळ, बदाम. ओलं.

मी टॅब बाजूला ठेवायला सांगितला. म्हटलं, मावशी, काल पोऱ्याले काय काय दिधं, सकायपासून सांगा.

"दूध पाजं. मंग आंघोय. मंग जराशी घुटी. मंग दूध."

आणि दुपारी रडला तेव्हा साखरपाणी, चमच्यानं, तेही निघालं.

ह्या प्रश्नाला आम्ही 'कालचा प्रश्न' म्हणतो. जगभर अंगावरच्या दुधाचं माप असंच घेतात, गेल्या चोवीस तासांत बाळाच्या पोटात काय गेलं. 'माहीत आहे का' विचारलं की माणूस बरोबर उत्तर देतो. 'काल काय झालं' विचारलं की खरं देतो. एजन्सीच्या फॉर्ममध्ये दोन्ही प्रश्न होते, पण कालचा प्रश्न सेहेचाळिसाव्या पानावर, आणि तिथवर पोचेपर्यंत बाई शेळी सोडायला गेलेली असायची. मी माझ्या पोरींना सांगितलं, तो आधी विचारा. शहरातून फोन आला, क्रम बदलू नका. बरं, म्हटलं. आणि आधीच विचारत राहिलो.

(घुटीवर मला टिप्पणी नको आहे. मीही घुटीवर वाढलेली आहे.)

सगळ्यात जड गेलं ते स्थलांतर. दिवाळी झाली की सातपुड्यातून गाड्याच्या गाड्या भरून माणसं गुजरातला जातात, ऊसतोडीला, बारडोलीकडे, सौराष्ट्रात शेतीवर. घरं बंद, दाराला काटेरी फांदी लावलेली. होळीला परततात. आमचा सर्व्हे डिसेंबरात. का, तर मार्चच्या आत पैसे खर्च करायचे. एका पाड्यावर यादीत बारा नावं. घरात सापडल्या पाच. उरलेल्या सात कुठं, तर कोपीत, कुठल्यातरी उसाच्या फडाशेजारी, पोटात किंवा पाठीवर मूल. त्यांच्या फोनवर गुजरातमध्ये फोन जात असतील का? त्यांना तिथं कोणी लस देत असेल का? ह्या सातजणींसाठीच खरं तर असा फिरता, हवेतून जाणारा कार्यक्रम काढायला हवा होता. गाव सुटलं, आशा सुटली, कार्ड पिशवीत राहिलं, अशा वेळी सोबत येईल तो फोनच. आणि नेमक्या त्याच सातजणी टॅबमध्ये 'संपर्क होऊ शकला नाही', रिप्लेसमेंट घ्या.

रिप्लेसमेंट कोण मिळते? जिच्याकडे फोन, जी घरी, जी रस्त्याजवळ. अहवालात तिचीच टक्केवारी.

जानेवारीत शहरात बैठक झाली. गार खोली, भिंतीवर तक्ते. सर चांगले होते, उगाच नावं ठेवणार नाही. चहा स्वतः आणून दिला. पडद्यावर संदेश ऐकणाऱ्यांचा आकडा आला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वही काढली. म्हटलं, सर, न सापडलेल्या बायकांची कारणं आहेत ह्यात, गावनिहाय. फोनच नाही, फोन नवऱ्याकडे, नंबर आशाचा, नंबर बदलला, माहेरी गेली, गुजरातला गेली, भाषा कळत नाही. एका बाईपुढे 'वारली' आहे. बाळंतपणानंतर नवव्या दिवशी. तिच्या नंबरवर अजून फोन येतो, नवरा कापतो.

खोलीत जरा शांतता झाली. मग सर म्हणाले, ताई, खूप महत्त्वाचं आहे हे, आपण परिशिष्टात घेऊ.

मला तेव्हा गडचिरोली आठवली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं नव्वदच्या दशकात ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी सुरू केली आणि तुलनेला ४७ गावं घेतली. त्यांनी आधी काय उभं केलं, तर प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजायची व्यवस्था. दोन्हीकडे. कोण सापडलं नाही, हे तिथं चालतच नव्हतं. न सापडलेलं मूल मेलेलं असू शकतं. म्हणून १९९९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या डॉक्टरी नियतकालिकात त्यांनी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला असं लिहिलं तेव्हा ते लोकांना मानावं लागलं. तिथं मोबाईल नव्हता. वह्या होत्या. आमच्याकडे टॅब आहेत आणि वारलेल्या बाईला पर्याय 'संपर्क होऊ शकला नाही'.

कोणी वाईट वागलं असं मला म्हणायचं नाही. मुंबईतल्या त्या एममित्रवाल्यांनी तर गळणाऱ्या बायकांवरच काम केलं. फोन ऐकणं कोण सोडेल ह्याचा अंदाज संगणकाकडून आधी काढायचा आणि त्या बाईला माणसानं फोन करायचा. गूगलच्या संशोधकांबरोबर केलं ते, आणि गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे न ऐकणारीकडे बघता येतं. बघायचं ठरवावं लागतं. फक्त माझ्या वहीतली बाई गळालेली नाही, ती कधी आत आलेलीच नाही. तिच्या नावावर आशाताई आत आहे, नाहीतर शिरपूरचा पोरगा.

अहवाल मार्चात आला. मला पीडीएफ पाठवली, एवढी आठवण ठेवली. परिशिष्टं अ ते ऊ. माझी वही कशातच नव्हती. पान एकोणीसवर एक ओळ, 'काही लाभार्थी हंगामी स्थलांतरामुळे उपलब्ध नव्हत्या.'

त्याच आठवड्यात आशाताईचा फोन आला, भोंगऱ्याला या म्हणून. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात जागोजाग भोंगऱ्या बाजार भरतो. गुजरातहून आलेली माणसं, हातात ऊसतोडीचे पैसे, ढोल, फुंकून वाजवायच्या पावऱ्या, शेव-जिलबीची दुकानं, चांदीचे दागिने घातलेल्या बायका. काम काही नव्हतं, तरी मी गेले. वही पिशवीत होती, का ते विचारू नका.

आशाताईनं गर्दीतून एकीला हाताला धरून आणलं. "ही तुमची. नंबर सूतगिरणीवाल्याकडे गेलेली."

विशीची असेल. कडेवर मूल, काजळ, कमरेला काळा दोरा, हातात जिलबीचा तुकडा, चोखून चोखून कोपरापर्यंत पाक. तिनं ओच्यातून प्लास्टिकची पिशवी काढली, तीत घडी घातलेलं माता-बाल संरक्षण कार्ड. दीड महिन्याच्या लसी लागलेल्या. पुढचे रकाने कोरे. गुजरातमध्ये कोणी विचारलं नाही. आशाताईनं तिथंच तिला बजावलं, बुधवारी उपकेंद्रात यायचं, आणि जिलबीबद्दल पावरीत काहीतरी बोलली ते मला कळलं नाही, पण पोरगी हसली आणि तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. मुलानं भोकाड पसरलं.

मी विचारलं, फोन? तिनं मान हलवली. नवऱ्याचा होता, तोही बारडोलीत विकला.

टॅब जानेवारीतच परत गेला होता. मी वहीत तिचं पान काढलं, 'नंबर बदलला' खोडलं नाही, त्याच्या खाली लिहिलं, सापडली, भोंगऱ्या, मूल सहा महिन्यांचं, वजन करायचं आहे, लसी राहिल्या.

परतीची एसटी घाट उतरली, शहाद्याच्या अलीकडे रेंज आली. मी शिरपूरच्या पोराला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली, त्यानं उचलला नाही. बुधवार नव्हता.